गॅरेजचे ऑईल, तळणीचे तेल आणि आमचे धुणे

आमच्या घराच्या मागच्या पडवीत धुण्याच्या दोन वेगळ्या बादल्या आहेत. काळ्या बादलीत यजमानांचे गॅरेजमधले कपडे पडतात आणि पिवळीत माझ्या फराळाच्या कामातले ॲप्रन, पंचे आणि हातफडकी. या दोन बादल्यांतले कपडे एकमेकांत मिसळायचे नाहीत आणि त्यातला एकही कपडा घरच्या इतर धुण्यात जायचा नाही, हा नियम आता आमची सहा वर्षांची नातसुद्धा पाळते. त्याआधी पंचवीसेक वर्षे आम्ही हे कपडे जमेल तसे धूत होतो, आणि एका रात्री घर पेटता पेटता वाचले तेव्हा कुठे या कामाकडे नीट पाहण्याची बुद्धी झाली.

आम्ही चिपळूणचे. यजमानांचे डिझेल गाड्यांच्या दुरुस्तीचे गॅरेज महामार्गालगत आहे आणि मी घरूनच तीन बायकांना हाताशी घेऊन चिवडा, चकल्या, करंज्या, तळणीचे मोदक अशा ऑर्डरी करते. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा गॅरेजचे कपडे रॉकेलमध्ये धुण्याची पद्धत होती. घमेल्यात रॉकेल ओतायचे, त्यात पँट बुचकळायची, ऑईलचा काळा थर सुटला की ती दगडावर बडवायची आणि मग सोड्याच्या पाण्यातून काढायची. डाग झटकन निघत, यात शंका नाही. परंतु रॉकेलचा वास दोन-दोन दिवस जात नसे आणि पावसाळ्यात तेच कपडे आम्ही स्वयंपाकघरात चुलीच्या वर टांगलेल्या दांडीवर वाळत घालत असू. रॉकेलची वाफ ३५-४० अंशांच्या पुढे ठिणगीने पेट घेऊ शकते, आणि कापडात भिजलेले रॉकेल तर दिव्यातल्या वातीसारखे वागते. चुलीच्या वर आम्ही इतकी वर्षे काय टांगत होतो, हे आठवले की आजही अंगावर काटा येतो.

रॉकेल सुटले ते मात्र आगीच्या भीतीने नव्हे, यजमानांच्या मांड्यांवर उठलेल्या पुळ्यांमुळे. बारीक, काळसर टोकाच्या पुळ्या होत्या. उन्हाळ्यात त्या चिघळत आणि मलमाने तेवढ्यापुरत्या बसत. अखेर त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनी औषधाचे नाव काढण्याआधी एकच प्रश्न विचारला, “काम करताना हात कशाला पुसता?” यजमानांनी काही न बोलता पँटच्या उजव्या खिशातून ऑईलने माखलेली चिंधी काढून टेबलावर धरली. पुळ्या जास्त होत्या त्याही उजव्याच मांडीवर. ऑईल मुरलेले कापड दिवसभर कातडीला घासत राहिले की केसांच्या मुळांची छिद्रे बुजतात आणि तिथे दाह होतो, रॉकेलने कातडीतली नैसर्गिक चिकणाई निघून गेल्यावर हा त्रास आणखी वाढतो, असे डॉक्टरांनी समजावले. गाडीतून काढलेल्या जळक्या ऑईलमध्ये कर्करोगाला कारण ठरू शकणारी काही रसायनेही असतात, म्हणून ते अंगावर बाळगू नये, हेही त्यांनी सांगितले. त्या दिवसापासून खिशातली चिंधी बंद झाली आणि रोज बदलण्यासाठी कपड्यांचे चार जोड शिवून घेतले. एकच बॉयलर सूट आठवडाभर घालून रविवारी धुण्यापेक्षा रोज कमी मळलेला कपडा धुणे सोपे पडते, हे तेव्हाच कळले. ताजे ऑईल निघते, आठवडाभर धाग्यात मुरलेले निघता निघत नाही.

काळ्या ऑईलचे भय असे हळूहळू मनात बसले. पिवळ्या तेलाचे भय मात्र मला कधीच वाटले नव्हते. ते खाण्याचे तेल. त्याने माखलेला पंचा गरम पाण्यातून काढला की झाले, अशीच समजूत होती. सासूबाईही म्हणत, “अगं, तेल ते तेल, त्यात भिण्यासारखे काय?”

२२ जुलै २०२१ च्या पुरात आमचे जुने धुलाई मशीन चिखलात गेले. नवे घेताना कपडे वाळवण्याचे यंत्रही घ्यावे असे ठरले, कारण वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या आमच्या गावात जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, ते फक्त कुबट होतात. पुढच्या वर्षी गणपतीच्या आधीच्या आठवड्यात मोदकांच्या ऑर्डरी अंगावर आल्या होत्या. दिवसभर सोयाबीनच्या तेलात तळण चालले होते, तळलेले मोदक पंचांवर निथळत होते आणि रात्रीपर्यंत वीसेक पंचे तेलाने जड झाले. मी ते सगळे एकदम मशीनमध्ये कोंबले, घाईचा छोटा कार्यक्रम लावला, पावडर नेहमीएवढीच टाकली. बाहेर आले तेव्हा पंचे पांढरे दिसत होते. तळणीचा किंचित वास राहिला होता, त्याकडे मी काणाडोळा केला. मग ते वाळवणीच्या यंत्रात सर्वांत जास्त उष्णतेवर फिरवले. अकराच्या सुमारास हाताला चटका बसेल असे गरम पंचे काढून प्लास्टिकच्या टबात दाबून भरले आणि पावसाची सर्द हवा लागू नये म्हणून वरून चादर पांघरली.

अडीचच्या सुमारास करपट वासाने जाग आली. गॅसवर काही राहिले असे वाटून मी स्वयंपाकघर पाहिले, देवघरातली समई पाहिली, शेवटी नाकाचा माग काढत टबाशी आले. वरचे पंचे कोमट होते. खाली हात घातला तो तापलेल्या तव्यावरून काढावा तसा झटकन मागे घेतला. तेवढ्यावर थांबायला हवे होते, पण मी गठ्ठा उलगडू लागले. मधले चार पंचे चहाच्या रंगाचे झाले होते, त्यांच्याही आतला एक घड्यांच्या रेषेवर काळा पडला होता, आणि हवा लागताच त्यातून धूर उसळला. मागून यजमान ओरडले, “उलगडू नकोस, पाणी ओत!” दोघांनी टब ओढत अंगणात नेला आणि पागोळीखाली ठेवून वरून आणखी दोन बादल्या पाणी ओतले. टबाचा तळ एका बाजूने मऊ होऊन बसला होता. घरात ना चूल पेटलेली होती, ना कुठे ठिणगी पडली होती. तरीही कापड आपल्या आप तापत गेले होते.

याचे कारण नात्यातल्या रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापिकेने मला सांगितले, आणि तिने दिलेला दाखला असा होता की तो मी विसरणे शक्य नाही. मुले क्रिकेटच्या बॅटला जवसाचे तेल लावतात, ते काही दिवसांनी चिकट न राहता कडक होते. ते पाण्यासारखे उडून गेलेले नसते. हवेतला प्राणवायू घेऊन त्याचा पापुद्रा बनलेला असतो, आणि या क्रियेत उष्णता बाहेर पडते. बॅटवरच्या पातळ थरातली उष्णता हवेत निघून जाते. परंतु तेच तेल सुती कापडाच्या असंख्य तंतूंवर पसरले, तर हवेला भेटणारा त्याचा पृष्ठभाग अफाट वाढतो, आणि कापडाचा गठ्ठा बांधला की आतली उष्णता रजईत कोंडावी तशी कोंडते. तापमान दहा अंशांनी वाढले की क्रियेचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. त्यामुळे गठ्ठा गरम असतानाच रचला तर सुरुवातीचा धक्का आपणच दिलेला असतो.

कोणते तेल किती हपापून प्राणवायू घेईल, याचा अंदाज त्याच्या आयोडीन मूल्यावरून येतो, आकडा जितका मोठा तितकी ही हाव जास्त. खोबरेल तेलाचे ते ८ ते १० च्या आसपास असते, शेंगदाण्याचे ९० च्या आसपास, सोयाबीन आणि सूर्यफुलाचे बहुधा १२० ते १४० च्या दरम्यान, करडईचे १४० च्या जवळपास आणि जवसाचे १७० च्या पुढे. सासूबाईंच्या काळी या घरात खोबरेल आणि शेंगदाण्याचे तेल वापरले जाई, शिवाय वाळवणीचे यंत्रही नव्हते. तेव्हा त्यांचा निर्धास्तपणा अगदीच निराधार नव्हता. घरात तेल बदलले, यंत्र आले, आणि धुण्याची सवय तेवढी जुनीच राहिली.

यजमानांच्या काळ्या बादलीचे गणित याच्या उलट आहे. इंजिन ऑईल खनिज असते. साध्या तापमानाला ते हवेशी असे झगडत नाही, म्हणून त्याच्या कपड्यांचा गठ्ठा सहसा आपोआप तापत नाही, आणि त्याची वाफ पेट घेण्यासाठी २०० अंशांच्या आसपास वा त्याहून अधिक तापमान लागते. मात्र गॅरेजमधल्या कपड्यावर निव्वळ ऑईल कधीच नसते. पार्ट धुताना डिझेल उडते, कधी पेट्रोल सांडते, आणि पेट्रोलची वाफ तर शून्याखाली ४० अंशांनाही पेट घेण्याजोगी असते. ती हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरत जाते आणि चार हातांवरच्या शेगडीपर्यंत किंवा मशीनच्या मोटारीतल्या ठिणगीपर्यंत पोहोचू शकते. म्हणून काळ्या बादलीला ठिणगीपासून जपायचे आणि पिवळीला उबेपासून व गठ्ठ्यापासून, अशी आम्ही वाटणी केली.

आता प्रत्यक्ष धुण्याविषयी. गॅरेजमधला कपडा घरी आल्यावर तो आधी मागच्या उघड्या पडवीत दांडीवर जातो. डिझेल-पेट्रोलचा वास असेपर्यंत, मग त्याला एक दिवस लागो की दोन, त्याला पाणी लावायचे नाही आणि मशीनजवळ आणायचे नाही. पेट्रोल अंगावर भरपूर सांडले असेल तर कपडा गॅरेजमध्येच उघड्यावर काढून ठेवण्यात येतो. तो पिशवीत कोंबून घरी आणण्याची जुनी सवय मोडायला मला बरेच दिवस भांडावे लागले. वास गेल्यावर ग्रीसचे गोळे करवंटीच्या बोथट तुकड्याने खरवडायचे. चाकूने कापडाचे धागे तुटतात आणि बोटाने ग्रीस अधिकच आत दाबले जाते. त्यानंतर ओल्या डागावर खडूची भुकटी जाड पसरून तीन-चार तास ठेवतो. ती ऑईल शोषून काळपट होते, मग ब्रशने कागदावर झाडायची. पाणी लागण्याआधी जितके ऑईल असे कोरडेच निघेल तितके बरे, कारण एकदा डिटर्जंटमध्ये मिसळलेले ऑईल गाळूनही वेगळे होत नाही, ते गटारातून थेट वाशिष्ठीच्या वाटेला लागते. वापरलेले ऑईल हा कायद्याने घातक कचरा आहे, २०१६ च्या नियमांनुसार ते नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच द्यावे लागते. गॅरेजमधले पिंप आम्ही तसे देतोच, मग कपड्यांतले ऑईल नदीत का सोडावे?

पुढची पायरी भांडी घासण्याच्या लिक्विडची आहे. डागाखाली जुने फडके ठेवून कपडा उलटा करायचा, मागच्या बाजूने लिक्विड पाणी न घालता लावायचे आणि दातांच्या जुन्या ब्रशने डागाच्या कडेकडून मध्याकडे चोळायचे. मध्यापासून बाहेर चोळले की रुपयाएवढा डाग बशीएवढा होतो. पंधरा-वीस मिनिटांत ते लिक्विड पिवळट तपकिरी दिसू लागते आणि खालच्या फडक्यावर डागाची सावली उतरते. डिटर्जंटच्या कणाचे एक टोक तेलाला धरते आणि दुसरे पाण्याला. असे अनेक कण तेलाच्या थेंबाभोवती जमले की तो धाग्यावरून सुटून पाण्यात तरंगू लागतो. हे होण्यासाठी ऊब, वेळ आणि भरपूर पाणी लागते, आणि माझ्या त्या रात्रीच्या धुण्यात या तिन्हींचा खडखडाट होता.

सुती कपड्यांसाठी मी आता एक भाग उकळते आणि एक भाग नळाचे पाणी घेते. त्याने साधारण ६० अंशांचे पाणी तयार होते. पंधरा लिटरच्या बादलीला दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा आणि डिटर्जंट पावडर घालून, हातमोजे चढवून, कपडे त्यात दीड-दोन तास बुडवून ठेवते. खाण्याच्या तेलाच्या बाबतीत सोडा विशेष उपयोगी पडतो, कारण तळून तळून खराब झालेल्या तेलात जी आम्ले सुटलेली असतात त्यांचा तो साबणच करतो. खनिज ऑईलवर त्याचा असा परिणाम होत नाही, तिथे डिटर्जंटवरच भिस्त. माझी बहीण सोलापूरकडे असते. तिथल्या बोअरच्या जड पाण्यात नुसता साबण वापरला की फेस होण्याऐवजी पांढरा साका कपड्यावर बसतो, म्हणून तिला सोडा वगळून चालतच नाही. रात्रभर भिजत घालणे मी सोडून दिले आहे, कारण पाणी गार झाले की सुटलेले तेल परत कपड्यावर बसते. पहिले पाणी काळ्या चहासारखे निघते. ते टाकून दुसरे घ्यायचे, आणि त्यानंतरच कपडे मशीनमध्ये, तेही निम्मेच भरून. धुणे झाल्यावर मशीन गरम पाणी आणि सोडा घालून एकदा रिकामे फिरवते, नाहीतर पुढच्या धुण्यातल्या नातीच्या फ्रॉकला गॅरेजचा वास येतो. डागावर ब्लीच ओतण्याचा सल्ला मला अनेकींनी दिला. ब्लीचने रंग उडतो, तेल निघत नाही. आणि संडास धुण्याच्या आम्लाशी ते चुकून मिसळले तर क्लोरीनचा विषारी वायू निघतो, तेव्हा त्या वाटेला मी गेलेच नाही. सुगंधी मुलायमकही बंद केले, कारण ते कपड्यावर स्निग्ध थर ठेवते आणि मग खालची परीक्षा फसते.

ही परीक्षा म्हणजे पाण्याचा थेंब. ओल्या कपड्यावर तेलाचा डाग दिसत नाही आणि नाकही नेहमी साथ देत नाही. म्हणून कपडा सावलीत वाळला की डागाच्या जागी बोट बुडवून एक थेंब सोडायचा. थेंब लगेच पसरून कापडात जिरला तर तेल गेले. अळवाच्या पानावरच्यासारखा गोल उभा राहिला तर अजून आहे, आणि कपडा परत बादलीत. सुती कापडावर हे फार चोख कळते. टेरीकॉटवर तितके खात्रीने सांगता येत नाही, कारण त्यातला पॉलिस्टरचा धागा मुळातच पाण्याला दूर ठेवतो आणि तेलाला धरून बसतो. टेरीकॉटचे बॉयलर सूट लवकर वाळतात म्हणून आम्ही हौसेने घेतले होते, ते याच कारणाने बंद केले. शिवाय वेल्डिंगची ठिणगी पडली तर सुती कापडाला भोक पडते, टेरीकॉट मात्र वितळून कातडीला चिकटते.

वाळवण्याचा प्रश्न पावसाळ्यापुरताच आहे. उन्हाळ्यात अंगणातली दोरी पुरते. पावसात कपडे दोनदा पिळवून काढते, उलटे करून पडवीतल्या दोरीवर एकेरी पसरते आणि दोन कपड्यांत हातभर अंतर ठेवून समोर उभा पंखा लावते. गॅसवर, शेगडीवर किंवा देवघराजवळ काहीही टांगायचे नाही. पंख्यावर जाड कापडाला दीड-दोन दिवस लागतात, पण त्याला इलाज नाही. गॅरेजचे कपडे वाळवणीच्या यंत्रात कधीच जात नाहीत. फराळाच्या पंचांपैकी थेंबाच्या परीक्षेत उतरलेले तेवढे जातात, तेही मध्यम उष्णतेवर, जाळीतले सुताचे पिंजण आधी काढून, आणि शेवटची दहा मिनिटे नुसत्या गार हवेवर फिरवून. यंत्र थांबले की पंचे तत्काळ बाहेर काढून पलंगावर एकेक पसरते आणि हाताला पूर्ण गार लागल्याशिवाय त्यांची घडी घालत नाही. रात्री नऊनंतर यंत्र लावायचे नाही, हा यजमानांनी घातलेला नियम आहे. प्रथम मला तो जाचक वाटला होता, पण झोपेत कुणाचे नाक जागे नसते हे मी अनुभवलेच आहे. न धुतलेली तेलकट फडकी ढीग करून कोपऱ्यात पडू देत नाही. ती लगेच सोड्याच्या पाण्यात बुडतात, आणि धुण्यापलीकडे गेलेली पाणी घातलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. इस्त्रीवाल्याकडेही डाग शिल्लक असलेला कपडा देत नाही, कारण कोळशाच्या इस्त्रीच्या गरम घड्या एकावर एक रचून तो गाठोडे बांधतो.

यंदा आषाढात टेरीकॉटचा शेवटचा बॉयलर सूट तीनदा याच पद्धतीने धुतला. गळा आणि बाह्या स्वच्छ निघाल्या, परंतु उजव्या मांडीवर, जिथे पूर्वी चिंधीचा खिसा असे, थेंब तिन्ही वेळा मण्यासारखा उभा राहिला. यजमानांनी तो कात्रीने कापून गॅरेजमधल्या पुसण्याच्या कापडांत, झाकणाच्या डब्यात टाकला. त्याची बटणे तेवढी सासूबाईंनी आधीच काढून आपल्या डबीत ठेवली होती.